धोतरे विणणाऱ्या गावचा क्लब : ब्लॅकबर्न रोव्हर्सची दीडशे वर्षे

इंग्लंडच्या वायव्येला लँकेशायरमध्ये ब्लॅकबर्न नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात हे गाव धोतरे विणत असे. नेसत नसे, फक्त विणत असे. मागावरून उतरलेले कापड लिव्हरपूलच्या धक्क्यावर बोटीत चढायचे आणि मुंबईला, कलकत्त्याला उतरायचे. आपल्याकडे जुनी माणसे ज्याला विलायती धोतर म्हणत, त्यातले बरेचसे या गावाचे आणि त्याच्या आजूबाजूच्या गिरण्यांचे. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली. पुढे १९३१ साली गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी ब्लॅकबर्नला अगदी लागून असलेल्या डार्वेनमध्ये गेले आणि बहिष्काराची झळ बसलेल्या गिरणी कामगारांना भेटले. त्यांच्याभोवती हसत उभ्या राहिलेल्या कामगार बायकांचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल.

फुटबॉल क्लबच्या इतिहासात हे कापड कशाला, असे वाचकाला वाटेल. पण हा क्लब गावाच्या धंद्यावर वाढला, धंद्याबरोबर खाली आला, आणि पुढे दोनदा दुसऱ्यांच्या धंद्याच्या पैशावर उभा राहिला. आधी कापड, मग पोलाद, शेवटी कोंबडी. यातला शेवटचा धंदा पुण्याचा आहे, म्हणून या शतकोत्तर सुवर्णमहोत्सवाची दखल मराठीत घेण्याला कारण आहे.

१८७५ ते १८८५ : सतरा जण आणि एक डबके

५ नोव्हेंबर १८७५ रोजी किंग विल्यम स्ट्रीटवरच्या सेंट लेजर हॉटेलात सतरा जण जमले. जॉन लुइस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन या दोघांनी पुढाकार घेतला होता. विषय एकच : गावात फुटबॉल क्लब काढता येईल का? जमलेले बहुतेक जण खाऊनपिऊन सुखी घरांतले, चांगल्या शाळांत शिकलेले. गिरणीत राबणारा कामगार या खेळात यायला अजून थोडा अवकाश होता. क्लबचे नाव ठेवले रोव्हर्स, म्हणजे भटके. पहिली काही वर्षे हे नाव शब्दशः खरे होते, कारण क्लबला बूड टेकायला मैदानच नव्हते.

पहिला सामना त्याच डिसेंबरात शेजारच्या गावी झाला. त्या गावाचे नावच चर्च. सामना १-१ असा सुटला. नंतर ऊझहेड इथे एका शेतकऱ्याचे रान मिळाले, पण रानाच्या मधोमध गुरांना पाणी पाजायचे डबके होते. सामन्याच्या दिवशी डबक्यावर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर हिरवळीचे थर अंथरायचे आणि खेळ सुरू करायचा. पुढे दीडशे वर्षे टिकलेल्या संस्थेचा पाया असा डबक्यावर घातलेला आहे. १८७८ मध्ये क्लब अलेक्झांड्रा मेडोज या क्रिकेटच्या मैदानावर आला आणि त्याच वर्षी तिथे विजेच्या दिव्यांखाली सामनाही खेळला गेला. १८८१ मध्ये लेमिंग्टन रोडला मुक्काम हलला. सदरा तेव्हापासून आजपर्यंत तोच आहे, अर्धा निळा आणि अर्धा पांढरा.

तेव्हा फुटबॉल हा लंडनच्या आणि बड्या शाळांतून शिकून निघालेल्या साहेबांचा खेळ. पैसे घेऊन खेळणे नियमात बसत नव्हते. पण आठवडाभर गिरणीत उभ्याने काम करणाऱ्या माणसाने शनिवारी फुकट का खेळावे, हा लँकेशायरचा साधा प्रश्न होता. १८८० मध्ये फर्गस सूटर हा स्कॉटिश बचावपटू डार्वेनचा क्लब सोडून रोव्हर्समध्ये आला. त्याला काय मिळाले याच्या पावत्या कोणी ठेवल्या नाहीत, आणि काहीच मिळाले नाही यावर कोणाचा विश्वासही बसला नाही. डार्वेनकरांना हे रुचले नाही एवढेच इथे नमूद करतो. स्मरणिकेत याहून जास्त लिहीत नाहीत.

१८८२ साली ३५ सामने न हरता रोव्हर्स एफए कपच्या अंतिम फेरीत पोचले आणि लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर ओल्ड इटोनियन्सकडून १-० ने हरले. दुसऱ्या वर्षी त्याच ओल्ड इटोनियन्सना हरवून कप ब्लॅकबर्नला आला खरा, पण तो रोव्हर्सने आणला नाही. आणला गावातल्याच ब्लॅकबर्न ऑलिंपिक या क्लबने, आणि तो संघ कामगारांचा होता. घरच्या घरी झालेला हा अपमान रोव्हर्सने १८८४ आणि १८८५ मध्ये ग्लासगोच्या क्वीन्स पार्कला दोनदा हरवून धुऊन काढला. १८८६ मध्ये वेस्ट ब्रॉमविचला डर्बीत, पुन्हा खेळवलेल्या सामन्यात २-० ने हरवले. सलग तीन कप झाल्यावर फुटबॉल असोसिएशनने क्लबला खास चांदीची ढाल दिली. लंडनला सामना बघायला गेलेल्या ब्लॅकबर्नकरांच्या कपड्यांची आणि बोलीची तिकडच्या एका वर्तमानपत्राने यथेच्छ टिंगल केली. गावकऱ्यांनी कप घेतला आणि घरची गाडी पकडली.

१८८५ ते १९०० : लीगचे बारा संस्थापक

१८८५ मध्ये पैसे घेऊन खेळण्याला मान्यता मिळाली आणि जे चालूच होते ते उजेडात आले. रोव्हर्सचा जेम्स फॉरेस्ट हा इंग्लंडकडून खेळलेला पहिला व्यावसायिक खेळाडू. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा बारा संस्थापक क्लबांत रोव्हर्स होते, आणि त्या बारांत सहा क्लब एकट्या लँकेशायरचे होते. १९९२ मध्ये प्रीमियर लीग निघाली तेव्हाही रोव्हर्स संस्थापकांत होते. दोन्ही याद्यांत नाव असलेले क्लब तीनच : अ‍ॅस्टन व्हिला, एव्हर्टन आणि ब्लॅकबर्न. पहिले दोन बर्मिंगहॅम आणि लिव्हरपूल या महानगरांतले आहेत. तिसरा लाखभर वस्तीच्या गावातला.

१८९० मध्ये क्लब एवुड पार्कवर आला आणि भटकणे संपले. सप्टेंबरात अ‍ॅक्रिंग्टनविरुद्ध तिथला पहिला सामना गोलशून्य सुटला. त्याच वर्षी शेफील्ड वेन्सडेला अंतिम सामन्यात ६-१ ने हरवून चौथा कप आला. त्यात विल्यम टाउनलीने तीन गोल केले. कपच्या अंतिम सामन्यात कोणी तीन गोल करण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी पाचवा कप.

डिसेंबर १८९१ मध्ये बर्नलीच्या मैदानावर हिमवर्षावात घडलेला प्रकार मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. थंडीने हात गोठलेले, त्यात दोन्हीकडचा एकेक खेळाडू मारामारीबद्दल बाहेर काढला गेला. चिडलेले बाकीचे रोव्हर्स एकापाठोपाठ एक मैदानाबाहेर चालते झाले. गोलरक्षक हर्बी आर्थर तेवढा जागेवर उभा राहिला. अकराच्या जागी एकटा. बर्नलीवाले चेंडू घेऊन त्याच्यावर चालून आले तेव्हा त्याने हात वर करून ऑफसाइडची मागणी केली. पंचांनी सामना थांबवला. कार्यकर्ता कसा असावा, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

१९०१ ते १९२० : कॉटन नावाचे अध्यक्ष

लॉरेन्स कॉटन हे गिरणीमालक १९०५ मध्ये अध्यक्ष झाले. धंदा कापसाचा, आडनावही कापसाचेच. कापडाला तेव्हा बरकत होती. एवुडवर नटल स्ट्रीटच्या बाजूला नवा स्टँड उभा राहिला, त्याचा आराखडा ब्रिटनभर फुटबॉलची मैदाने बांधणाऱ्या आर्किबाल्ड लीच यांचा. खेळाडूंवरही पैसा लागला. १९१३ मध्ये वेस्ट हॅमच्या डॅनी शीसाठी २,००० पौंड मोजले, तो त्या वेळचा विक्रम होता. या पैशाचे फळ १९११-१२ आणि १९१३-१४ अशा दोन लीग विजेतेपदांत मिळाले. सचिव रॉबर्ट मिडलटन यांनी संघाची घडी बसवली.

पण या काळाचा खरा माणूस बॉब क्रॉम्प्टन. ब्लॅकबर्नमध्ये जन्मलेला, नळकाम शिकलेला, उजव्या बाजूचा बचावपटू आणि कर्णधार. रोव्हर्ससाठी पाचशेहून अधिक लीग सामने, इंग्लंडसाठी ४१. हा ४१ चा विक्रम १९५२ पर्यंत कोणी मोडला नाही. सगळी कारकीर्द त्याने एकाच क्लबात काढली.

संस्थापक जॉन लुइसही या काळात गाजले, पण शिट्टी घेऊन. त्यांच्या काळातल्या नामांकित पंचांत त्यांची गणना होई. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पासष्टीच्या घरातले लुइस पंच होते, आणि त्यांचे निर्णय न पटल्याने चेकोस्लोव्हाकियाचा संघ मध्येच मैदान सोडून गेला. मैदान सोडून जाणाऱ्यांचा त्यांच्या क्लबाला आधीचा अनुभव होताच.

१९२० ते १९४५ : माग थंडावतात

१९२८ मध्ये हडर्सफील्डला ३-१ ने हरवून सहावा एफए कप आला. पहिल्याच मिनिटाला जॅक रॉसकँपने गोलरक्षकासकट चेंडू जाळ्यात ढकलला. तेव्हाच्या नियमांत ते चालत असे. सातवा कप अजून आलेला नाही.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानची बाजारपेठ हातची निसटत गेली. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जपानचा स्वस्त माल, वर स्वदेशीचा बहिष्कार. ब्लॅकबर्नच्या गिरण्यांना एकामागून एक टाळी लागली. परळ-लालबागच्या गिरणगावात वाढलेल्या वाचकाला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको, फक्त आपल्याकडे ते पन्नास वर्षांनी आले. १९३६ मध्ये रोव्हर्स आणि व्हिला हे दोन्ही संस्थापक क्लब एकाच वर्षी, आयुष्यात प्रथमच, दुसऱ्या विभागात घसरले.

१९३९ मध्ये मॅनेजर म्हणून परतलेल्या क्रॉम्प्टनने संघाला पुन्हा वर आणले आणि लगेच युद्ध सुरू झाले. मार्च १९४१ मध्ये एवुडवरचा सामना बघितल्यानंतर हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले.

१९४५ ते १९७० : वीस पौंडांची मर्यादा उठते

१९४८ मध्ये खाली, १९५८ मध्ये वर. या पिढीत गावच्या पोरांनीच क्लब चालवला असे म्हटले तरी चालेल. ब्लॅकबर्नचा ब्रायन डग्लस उजव्या पंखावर, जवळच्या प्रेस्टनचा रॉनी क्लेटन मध्यरेषेवर. दोघे इंग्लंडकडून खेळले, क्लेटनने तर इंग्लंडचे कर्णधारपदही भूषवले. १९६० मध्ये वेंबलीवर वुल्व्ह्जविरुद्ध कपचा अंतिम सामना झाला. त्यात डेव्ह व्हेलनचा पाय मोडला. बदली खेळाडू उतरवण्याची सोय तेव्हा नव्हती. उरलेले दहा जण ३-० ने हरले. सामन्याआधी संघात थोडी कुरबूर होती, ती इथे सोडून देतो. पण व्हेलनचे नाव वाचकाने लक्षात ठेवावे, ते पुढे परत येणार आहे.

१९६१ मध्ये इंग्लिश फुटबॉलमध्ये एक गोष्ट बदलली, आणि माझ्या मते ती या क्लबच्या इतिहासातली कोणत्याही हारजितीपेक्षा मोठी आहे. तोवर खेळाडूच्या पगाराला लीगच्या नियमाने मर्यादा होती, शेवटी शेवटी आठवड्याला २० पौंड. लंडनच्या आर्सेनलला आणि ब्लॅकबर्नला तोच आकडा. त्यामुळे गावचा पोरगा गावातच राहायचा. मर्यादा उठली आणि चांगला खेळाडू साहजिकच मोठ्या शहराकडे वळला. यात त्याची चूक नाही. पण लहान गावच्या क्लबांचा कणा तिथे मोडला. १९६६ मध्ये रोव्हर्स वरच्या विभागातून बाहेर पडले, ते २६ वर्षे परतले नाहीत.

१९७० ते १९९० : दोन दशके, थोडक्यात

१९७१ मध्ये तिसऱ्या विभागापर्यंत घसरण झाली. शताब्दी वर्षात, १९७५ ला, गॉर्डन ली यांच्या हाताखाली त्या विभागाचे विजेतेपद मिळाले. १९७९ ला पुन्हा खाली, १९८० ला हॉवर्ड केंडल यांनी पुन्हा वर आणले. डेरेक फॅझॅकर्ली हा बचावपटू या सगळ्यात ६७४ सामने खेळला. हा क्लबचा विक्रम आजही उभा आहे. १९८७ मध्ये वेंबलीवर चार्लटनला १-० ने हरवून फुल मेंबर्स कप आला. कप छोटा होता, पण गाव वेंबलीला गेले. पैसा नसलेल्या या काळात ज्या संचालकांनी, सचिवांनी, तिकीट खिडकीवरच्या आणि मैदान राखणाऱ्या माणसांनी क्लब जिवंत ठेवला, त्यांची नावे कोणत्याही करंडकावर नाहीत. त्यांच्याशिवाय पुढचे प्रकरण लिहिताच आले नसते.

१९९० ते २००० : पोलादवाले जॅक वॉकर

जॅक वॉकर यांचा जन्म ब्लॅकबर्नमध्येच, १९२९ चा. पत्र्याच्या कामाचा वडिलांचा लहानसा धंदा त्यांनी भावाच्या साथीने पोलादाच्या मोठ्या व्यापारापर्यंत नेला आणि वॉकरस्टील ही कंपनी ३३ कोटी पौंडांना विकून मोकळे झाले. लहानपणी ते एवुडवर उभे राहून सामने बघत. १९९१ मध्ये त्यांनी क्लब ताब्यात घेतला आणि ऑक्टोबरात केनी डॅल्ग्लिश यांना मॅनेजर म्हणून आणले. लिव्हरपूलला खेळाडू आणि मॅनेजर म्हणून विजेतेपदे मिळवून देणारा हा माणूस दुसऱ्या विभागातल्या क्लबात आला, तेव्हा आधी कोणाचा विश्वासच बसला नाही.

१९९२ मध्ये सहाव्या क्रमांकावरून धडपडत रोव्हर्स प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात पोचले. माइक न्यूएलच्या पेनल्टीवर लेस्टरला १-० ने हरवले आणि नव्या प्रीमियर लीगमध्ये पाऊल ठेवले. त्याच उन्हाळ्यात साउदम्प्टनहून अ‍ॅलन शिअरर आला. सुमारे ३३ लाख पौंड, ब्रिटनमधला तेव्हाचा विक्रम. पहिल्या वर्षी चौथा क्रमांक, दुसऱ्या वर्षी दुसरा. एवुडचे लाकडी स्टँड पाडून तीन बाजूंनी नवे उभे राहिले, लीच यांचा नटल स्ट्रीट स्टँडही गेला. १९९४ च्या उन्हाळ्यात नॉरिचच्या ख्रिस सटनसाठी ५० लाख मोजले आणि पुन्हा विक्रम केला.

पैशाने विजेतेपद विकत घेतले, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. टीका अगदीच खोटी नाही. पण १९१३ मध्ये कॉटनसाहेबांनी २,००० पौंड मोजले तेव्हाही हाच प्रकार होता. आणि १९६१ नंतर लहान गावाला वर यायचे तर गावच्या कोणी तरी पदराला खार लावल्याशिवाय दुसरी वाट नव्हती. वॉकर यांनी ती लावली, इतकेच.

१९९४-९५ चा हंगाम थोडा सविस्तर सांगतो. २२ संघ, ४२ सामने. त्या वर्षी चार संघ खाली जाणार होते, कारण लीग वीस संघांची करायची होती. गोलात टिम फ्लॉवर्स, समोर सोनेरी केसांचा धिप्पाड स्कॉटिश कॉलिन हेंड्री, मध्ये कर्णधार टिम शेरवुड, दोन पंखांवर स्टुअर्ट रिप्ली आणि जेसन विलकॉक्स. संघाची योजना गुंतागुंतीची नव्हती. पंखांवरून चेंडू आत टाकायचा आणि पुढे शिअरर व सटन या जोडीने तो जाळ्यात घालायचा. रे हारफर्ड हे प्रशिक्षक, रोजची कवायत त्यांची. डॅल्ग्लिश बोलायला कंजूष आणि हारफर्ड दिसायला नेहमी उदास. या दोघांनी मिळून अतिशय सरळ, न थकणारा संघ बांधला.

युरोपात संघ पहिल्याच फेरीत स्वीडनच्या ट्रेलेबोर्गकडून हरला. तिथले बरेचसे खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करणारे. लाज वाटली, पण शनिवार-बुधवारचा ताण कमी झाला, हाही हिशेब धरला पाहिजे. नोव्हेंबरच्या अखेरीस एवुडवर क्वीन्स पार्क रेंजर्सला ४-० ने हरवून रोव्हर्स गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर आले. मँचेस्टर युनायटेडकडून मात्र दोन्ही सामने हरले, ऑक्टोबरात घरी ४-२ आणि जानेवारीत ओल्ड ट्रॅफर्डवर १-०. ओल्ड ट्रॅफर्डवर शेरवुडने शेवटी केलेला गोल पंचांनी नाकारला. ब्लॅकबर्नमध्ये वयस्कर मंडळी त्यावर अजून बोलतात.

एप्रिलमध्ये पाय डगमगले. घरच्या मैदानावर मँचेस्टर सिटीकडून ३-२ असा पराभव झाला, महिनाअखेरीस वेस्ट हॅमकडे २-०. युनायटेड मागून येत होते. ८ मे रोजी न्यूकॅसलविरुद्ध शिअररने डोक्याने एक गोल केला आणि उरलेला सामना फ्लॉवर्सने एकट्याने वाचवला म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. शेवटच्या दिवशी रोव्हर्स ८९ गुणांवर, युनायटेड ८७ वर.

१४ मे १९९५. रोव्हर्सचा शेवटचा सामना लिव्हरपूलशी, म्हणजे ज्या अ‍ॅनफील्डवर डॅल्ग्लिशचे नाव देवासारखे घेतले जायचे तिथेच. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांची पंचाईत झाली होती. आपला संघ जिंकला तर विजेतेपद मँचेस्टरला जाण्याची शक्यता, हरला तर आपल्याच जुन्या लाडक्याला मिळणार. शिअररने विसाव्या मिनिटाला गोल केला तेव्हा घरच्या स्टँडमधूनही आनंदाचा आवाज आला. दुसऱ्या सत्रात जॉन बार्न्सने बरोबरी साधली. तिकडे लंडनला अप्टन पार्कवर युनायटेड आणि वेस्ट हॅम १-१. युनायटेडने हल्ल्यावर हल्ले चढवले, गोलरक्षक मिक्लोश्कोने एकामागून एक अडवले. इकडे जादा वेळात जेमी रेडनॅपची फ्री किक फ्लॉवर्सच्या आवाक्याबाहेरून जाळ्यात गेली. लिव्हरपूल २, ब्लॅकबर्न १. काही क्षण सगळे संपल्यासारखे वाटले. मग बाकावर लंडनची बातमी पोचली : तिथे सामना १-१ असाच सुटला होता. हरलेल्या संघाचे खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडले. ८१ वर्षांनी लीगचा करंडक ब्लॅकबर्नला आला, तोही पराभवाच्या दिवशी.

अंतिम हिशेब असा : २७ विजय, ८ बरोबरी, ७ पराभव. ८० गोल केले, ३९ स्वीकारले. गुण ८९, युनायटेडचे ८८. शिअररचे ३४ गोल, ४२ पैकी एकही सामना न चुकवता. सटनचे १५. करंडक शेरवुडने उचलला. पण त्या दिवशीच्या छायाचित्रांत माझे लक्ष जाते ते करंडक हातात घेऊन उभ्या असलेल्या साठीपुढच्या जॅक वॉकर यांच्याकडे. लहानपणी एवुडवर उभा राहणारा मुलगाच तो.

पुढची उतरण लवकर लागली. डॅल्ग्लिश वरच्या पदावर गेले, मॅनेजरपद हारफर्ड यांच्याकडे आले. चँपियन्स लीगमध्ये गटात संघ शेवटचा आला. मॉस्कोच्या सामन्यात आपल्याच दोन खेळाडूंमध्ये झालेल्या प्रसंगाविषयी स्मरणिकेने मौन पाळावे हेच बरे, सगळ्या युरोपने तो टीव्हीवर पाहिलेलाच आहे. १९९६ मध्ये शिअरर दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला. १९९९ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला. विजेतेपदानंतर अवघी चार वर्षे झाली होती.

२००० ते २०१० : वॉकर यांच्यानंतर

१७ ऑगस्ट २००० रोजी जॅक वॉकर गेले. त्याच हंगामात ग्रॅम सूनेस यांच्या संघाने पुन्हा वर येऊन त्यांना श्रद्धांजली वाहिली. फेब्रुवारी २००२ मध्ये कार्डिफला टॉटनहॅमला २-१ ने हरवून लीग कप मिळाला, मॅट जॅन्सन आणि अँडी कोल यांच्या गोलांवर. नंतर मार्क ह्यूज यांच्या काळात २००६ ला सहावा क्रमांक आला. गोलरक्षक ब्रॅड फ्रीडेलने २००४ मध्ये चार्लटनविरुद्ध चक्क स्वतः गोल केला. वॉकर यांच्या विश्वस्त निधीकडे मालकी होती, पण नव्या युगाचे आकडे त्या निधीला पेलणारे नव्हते. ग्राहकाचा शोध सुरू झाला.

२०१० ते २०२५ : पुण्याचा पत्ता

नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे आपल्या वेंकीजने, सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. प्रीमियर लीगचा क्लब विकत घेणारी ही पहिली भारतीय कंपनी. डॉ. बी. व्ही. राव यांनी भारतात कुक्कुटपालनाला उद्योगाचे रूप दिले, त्यांची मुले अनुराधा देसाई, वेंकटेश राव आणि बालाजी राव यांच्याकडे मालकी आली. ज्या गावाने शंभर वर्षे आपल्याला कापड विकले, त्या गावचा क्लब पुण्याच्या मालकीचा झाला. इतिहासाला असला गमतीदार हिशेब कधी कधी जमतो. ऑक्टोबर २०११ मध्ये रोव्हर्सचा संघ पुण्याला आला आणि बालेवाडीत पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळून जिंकला.

पुढे व्यवस्थापनात बदल झाले, प्रेक्षकांची नाराजी वाढली, २०१२-१३ या एका हंगामात तीन पूर्णवेळ मॅनेजर होऊन गेले. मतभेद कोणत्या संस्थेत नसतात? पण निकाल झाकता येत नाही. ७ मे २०१२ रोजी पावसात एवुडवर विगनने १-० ने हरवले आणि रोव्हर्स प्रीमियर लीगबाहेर पडले. कोणी तरी निळ्या-पांढऱ्या कापडात गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. आणि विगनचे मालक कोण? १९६० साली वेंबलीवर रोव्हर्ससाठी पाय मोडून घेतलेले डेव्ह व्हेलन.

२०१७ मध्ये शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ ने हरवूनही गोलफरकाने क्लब तिसऱ्या पातळीवर गेला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर दुसरा कोणताही क्लब तोवर इतका खाली गेला नव्हता. टोनी मोब्रे यांनी एका वर्षातच, ९६ गुणांसह, संघ परत आणला. मालकांनी या काळात क्लबात पैसा ओतणे थांबवले नाही, हेही त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे. २०२३ नंतर पुण्याहून तो पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. २०२३ मध्ये आणि २०२५ मध्ये संघ सातवा आला, प्ले-ऑफ दोन्ही वेळा एका पायरीने हुकले.

सध्याचे कार्य : ब्रॉकहॉल इथली अकादमी वॉकर यांच्या पैशातून उभी राहिली आणि आजही क्लबचा सर्वात भक्कम भाग तीच आहे. ब्लॅकबर्नचाच अ‍ॅडम व्हार्टन तिथे घडला, २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसला गेला आणि इंग्लंडकडून खेळला. क्लबची धर्मादाय संस्था गावात मुलांसाठी खेळाचे आणि आरोग्याचे उपक्रम चालवते. १९६० च्या सुमारास गिरण्यांच्या रात्रपाळीसाठी गुजरात आणि पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांची तिसरी पिढी आज ब्लॅकबर्नमध्ये आहे. मे २०२२ मध्ये क्लबने एवुडचे मैदान ईदच्या नमाजासाठी उघडले. इंग्लंडमध्ये कोणत्याही फुटबॉल क्लबने असे करण्याची ती पहिलीच वेळ होती.

जाता जाता एक विनंती. बालेवाडीचा २०११ चा सामना बघायला गेलेल्यांपैकी कोणाकडे तिकीट, छापील कार्यक्रमपत्रिका किंवा छायाचित्रे असतील, तर ती रद्दीत घालू नयेत. २०५० मध्ये क्लबला पावणेदोनशे वर्षे होतील, तेव्हा जो कोणी हा इतिहास पुढे लिहील त्याला ती लागतील.